एनआयसीयूतलं बाळ छातीशी घ्यायला धीर होत नाही: माझा अनुभव

डिचोलीच्या ताई, तुमची पोस्ट वाचली. ३४व्या आठवड्यात सिझर, बाळ १ किलो ६५० ग्रॅमचं, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. सिस्टर म्हणतात केएमसी (कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी अंगाला अंग लावून ठेवणं) द्या, सासूबाई म्हणतात उघड्या अंगाला वारा बाधेल, आणि तुमचा स्वतःचाच हात पुढे होत नाही. ‘मी आई म्हणून कमी पडतेय का?’ असं विचारलंय, तर आधी त्याचंच उत्तर देते: अजिबात नाही. माझा मुलगा आता शाळेत जातो. तोही असाच कमी दिवसांचा. तुम्ही लिहिलेलं एकेक वाक्य मी तेव्हा बोलले आहे.

बाळाला कसं धरायचं ते सिस्टर दाखवतील. मी वेगळं सांगते. आयांना बाळ नको असतं असं नसतं, त्यांना ती जागा नको असते. आम्हाला बसायला बिनपाठीचं स्टूल होतं, तेही दाराशी. टाके ओढत होते. छाती उघडी टाकून बसायचं आणि समोरून ट्रॉलीवाले, लोकांचे नातेवाईक जा-ये करणार. पडदा मागितला तर ‘इथे कोण बघतंय तुम्हाला?’ असं उत्तर मिळालं. दोन-तीनदा मी लवकर उठले, आणि एके दिवशी केसपेपरवर लिहिलेलं दिसलं: ‘आई सहकार्य करत नाही.’ हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पण त्या ओळीचा राग अजून गेलेला नाही.

त्या ओळीनंतर मला कोणी बोलावलंच नाही. मला डिस्चार्ज, बाळ आत. सत्तरी तालुक्यातून कदंबाची बस पकडून यायचं, तोवर दूध पाजायची वेळ टळलेली असायची आणि पावडरचं दूध देऊन झालेलं असायचं. माझं दूध आटत गेलं. ते परत यायला जे झगडावं लागलं ते सांगत बसत नाही.

मग रात्रपाळीला एक वयस्क सिस्टर आल्या. त्यांनी काही समजावलं नाही. सलाइनच्या दोन स्टँडना चादर बांधली, मागे दोन उशा लावून मला अर्धवट टेकवलं आणि बाळाला लंगोट, टोपडं, मोज्यांवर माझ्या अंगावर ठेवलं. तळवे गारढोण होते. बऱ्याच वेळाने हात लावला तर कोमट. माझी भीती तिथेच गेली.

हे खूळ नव्हे, बरं का. १९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी इन्क्युबेटर अपुरे पडत होते म्हणून हे सुरू केलं. पुढे भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यावर लगेच छातीशी दिलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाचे ८ ते २४ तास सांगते. म्हणजे आईला आत राहू द्यायलाच हवं! भेटीच्या वेळेत हे बसत नाही. उद्या राउंडला ठामपणे विचारा: मला रात्री थांबता येईल का? टेकायची खुर्ची आणि पडदा मिळेल का? ‘आई तयार नाही’ असं कुणी म्हणालं तर ‘मी तयार आहे, मला जागा द्या’ असं सगळ्यांसमोर सांगा.

मी डॉक्टर नाही. बाळाचा श्वास मधेच थांबत असेल किंवा ते मशीनवर असेल तर बाळाच्या डॉक्टरांचं ऐका, माझं नाही.

पुढून बटणांची मॅक्सी घ्या, साडीत फार ओढाताण होते. एका बैठकीला निदान तासभर तरी, सारखं उचल-ठेव केलेलं बाळाला सोसत नाही. त्याचं तोंड आणि मान तुम्हाला दिसत राहिली पाहिजे, नाक दबता कामा नये. ओढून दूध पीत नसेल तर काढलेलं दूध बोंडल्याने पाजतात, ते शिकून घ्या. तुम्ही दमलात की नवऱ्याला बसवा, शर्ट काढून. आमच्याकडे यावर कुजबुज झाली, पण बाळाचं वजन वाढायला लागल्यावर बंद झाली.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना आत घेऊन जा, सिस्टरांच्या देखत बाळाच्या पायांना हात लावायला सांगा, आधी आणि नंतर. माझ्या सासूबाई त्यानंतर स्वतःच बाळाला पदराखाली घ्यायला लागल्या. एका गोष्टीवर मात्र हटून बसा: घरी गेल्यावर बंद खोलीत शेगडी आणि धुरी नको. एवढ्याशा छातीला तो धूर सोसत नाही. तेल लावून कढत पाण्याची आंघोळही डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको, न्हाऊ घालणारी बाई रुसली तरी चालेल. पावसात दुपटी सुकत नाहीत, म्हणून जास्तीची आणून ठेवा, दमट कपड्यात बाळ लगेच गार पडतं. केएमसी घरीही चालू ठेवायचं, साधारण अडीच किलोपर्यंत. तेव्हा बाळ स्वतःच हातपाय झाडून बाहेर यायला बघतं.