मशीन दिवसभर चालतं, मग पैसा जातो कुठे?

प्रश्न : ताई, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ-बाय-चार फुटांचा सीएनसी राऊटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाइलवरून कापणारं मशीन, टाकलाय. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डच्या) जाळ्या, देव्हारे, गणपतीची मखरं कापून देतो. मशीन सकाळपासून चालू असतं, पण हप्ता भरला की हातात काही उरत नाही. कापणारं टूल फिरवणारी मोटर, म्हणजे स्पिंडल, 2.2 किलोवॅटचा आहे, तो काढून मोठा घेऊ का?
– एक वाचक, कराड

उत्तर : भाऊ, स्पिंडलला हात लावू नका. मी घरातूनच हे काम करते आणि माझं ठाम मत आहे की छोट्या वर्कशॉपचा पैसा कापण्याच्या आधी आणि नंतर गळतो. पंधरा दिवस एक वही ठेवा. प्रत्येक जॉबपुढे चार रकाने : फाइल, शीट चढवणं, कटिंग, घासणं. किती मिनिटं गेली ते तिथल्या तिथे लिहा.

फाइलचा रकाना आधी बघा. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर जाळीचा फोटो टाकून मोकळं होतं. त्यावरून रेघा काढायच्या, तुटलेल्या जोडायच्या, एकावर एक पडलेल्या रेघा उडवायच्या, हे सगळं आपल्या डोक्यावर. दुहेरी रेघ राहिली तर मशीन तीच वाट दोनदा कापतं. याचे पैसे बिलात वेगळे लावा. मापही लेखी घ्या, कारण सुतार बोलतो सुतात आणि फाइल असते मिलिमीटरमध्ये. आठ सूत म्हणजे एक इंच, 25.4 मिमी. सहा सूत म्हणून 19 ची खाच काढली आणि प्लाय 18 चा निघाला, तर देव्हारा डुगडुगणारच.

खाचेच्या बाबतीत तर शीटवरच्या छापील जाडीवरही विसंबू नका. 18 चा प्लाय व्हर्निअरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) चार ठिकाणी मोजा, कुठे 17.6 भरेल, कुठे 17.9. सगळ्यात जाड मापात 0.2 मिमी मिळवून खाच धरा. त्याच शीटच्या टाकाऊ कडेवर एक खाच कापून तुकडा बसवून बघा. हाताने दाबून बसला पाहिजे, हातोडी लागली तर फाइल सुधारा. गोल टूल आतला कोपरा गोलच सोडतं, म्हणून कोपऱ्यात टूलच्या मापाचं भोक फाइलमध्येच काढून ठेवा. पटाशी घेऊन कोपरे कोरत बसण्यात अख्खी दुपार जाते.

आता वेग. टूल तुटेल या भीतीने बरेच जण फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, फार कमी ठेवतात. 6 मिमीचं दोन धारांचं टूल 18,000 आरपीएमवर (मिनिटाला 18,000 गिरक्या) आणि फीड मिनिटाला 1,200 मिमी असेल, तर प्रत्येक धार जेमतेम 0.03 मिमी घेते. ती कापत नाही, घासते. मग तापते, बोथट होते आणि कड तपकिरी पडते. शीट घट्ट धरलेली असेल आणि एका फेरीची खोली टूलच्या जाडीपेक्षा कमी असेल, तर 3,600 पर्यंत टप्प्याटप्प्याने चढा. तेव्हा धार 0.1 मिमी घेते. तुमच्याच मशीनवर चौपट नाही तरी बराच वेग दडलेला आहे, नव्या स्पिंडलचे पैसे कशाला घालता?

आणि दर चौरस फुटावर लावत असाल तर आजच सोडा. तेवढ्याच मापाच्या दोन जाळ्यांत एकीला चाळीस भोकं असतात, दुसरीला चारशे. मिनिटाचा दर काढा. समजा हप्ता, वीज, टूल आणि तुमची मजुरी धरून महिन्याला 45,000 रुपये लागतात आणि मशीन खरोखर 100 तास कापतं. म्हणजे मिनिटाला साडेसात रुपये, तेही नफा न धरता. तुमची मजुरी त्यात धरायचीच, घरचं काम म्हणून स्वतःला शून्य लावू नका.

मखरांचं म्हणाल, तर 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून एमडीएफच्या मखरांना मागणी चांगली आहे. पण सगळे जण श्रावणातच येतात. दोन-तीन ठरावीक मापांचे भाग आषाढातच कापून ठेवा, श्रावणात फक्त नावं आणि नक्षी कापा. अर्धी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय शीट टेबलावर चढवू नका.

प्रश्न : घरच्या मीटरवर मशीन चालवलं तर चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मशीन दिवसभर चालवायचं असेल तर नाही. महावितरणकडून धंद्यासाठी वेगळी जोडणी घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तीही करून टाका. ती ऑनलाइन होते आणि सरकारी पोर्टलवर फुकट आहे, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न : यांचं मशीन स्वयंपाकघराला लागून आहे. एमडीएफची धूळ डब्यांवरसुद्धा बसते. सासूबाईंना सारखा खोकला येतो. हे म्हणतात, लाकडाचाच तर भुसा आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सासूबाईंना आधी डॉक्टरांकडे न्या आणि घरात ही धूळ उडते हे डॉक्टरांना सांगा. हा नुसता भुसा नाही. एमडीएफमध्ये लाकडाचे तंतू बहुधा फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनने चिकटवलेले असतात. लाकडाची धूळ आणि फॉर्मल्डिहाइड, दोन्ही कर्करोगास कारणीभूत असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेलं आहे. तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा.

स्वयंपाकघराकडचं दार-खिडकी कायमची बंद करून फटी बुजवा. टूलभोवती ब्रशचं बूट (धूळ अडवणारी झालर), तिथून पाइप, मधे हवा गोल फिरवून धूळ खाली पाडणारा सायक्लोन आणि धूळ ओढणारं यंत्र शेडबाहेर, पण शेजाऱ्यांच्या खिडकीकडे तोंड करून नव्हे. पाइपला अर्थिंग हवं, कारण धूळ वाहताना त्यात स्थिर वीज साठते. मशीनजवळ एन-95 मास्क, साध्या रुमालाने भागत नाही. झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा बंद; बसलेली धूळ त्याने पुन्हा हवेत जाते, व्हॅक्यूमनेच उचलायची. कामाचे कपडे शेडमध्येच बदलायला लावा आणि ते वेगळे धुवा. हे सगळं बसेपर्यंत त्या जागेत एमडीएफ कापू देऊ नका, मग ऑर्डर कितीही मोठी असो.