साडेसहा वर्षांच्या मुलीच्या मनात नरकाची भीती बसलीय, काय करू?

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. सासूबाईंनी मुलीला सांगितलं की खोटं बोलणाऱ्याला यमदूत उकळत्या तेलाच्या कढईत टाकतात, तेव्हापासून ती रात्री दिवा मालवू देत नाही, दिवसभर "आई मी आज पाप केलं का" विचारत मागे मागे फिरते, आणि सासूबाईंचं म्हणणं की धाक असला म्हणजेच पोरं वळणावर राहतात. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता रिटायर झालेय, आणि वडील भागवत सप्ताह सांगायचे त्यामुळे रौरव-कुंभीपाक ही नरकांची नावं माझ्या कानावर लहानपणापासूनच पडलेली आहेत, तर मला दोन्हीकडचं जे माहितीय ते सांगते.

पहिलं काम आज रात्रीच करा. तिला जवळ घ्या आणि सरळ सांगा की तुला कोणीही कढईत टाकणार नाही, कधीच नाही. त्याला पुढे शेपूट जोडू नका. "तू शहाण्यासारखी वागलीस तर नाही टाकणार" असं एकदा जरी तोंडातून गेलं तरी सगळं मुसळ केरात, कारण मूल त्यातलं फक्त "तर" लक्षात ठेवतं आणि अंधारात पडल्या पडल्या दिवसभरात आपण कुठे कुठे शहाण्यासारखं वागलो नाही ते मोजत बसतं.

या वयात मुलांना "हे नुसतं सांगायचं म्हणून सांगितलंय" हे कळत नाही हो. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मुलांच्या न्याय-अन्यायाच्या कल्पनांवर लिहिलं, त्यासाठी तो मुलांना एक गोष्ट सांगायचा की दोन मुलं सफरचंदं चोरतात, एक पकडला जातो, दुसरा निसटतो पण कुजलेल्या पुलावरून जाताना पाण्यात पडतो, आणि मग विचारायचा की याने चोरी केली नसती तर तो पडला असता का. सहा-सात वर्षांची बहुतेक मुलं म्हणायची, नसता पडला. म्हणजे जगातली प्रत्येक वस्तू, अगदी लाकडाचा पूलसुद्धा, आपल्यावर लक्ष ठेवून आहे आणि शिक्षा करायला टपलेली आहे असं त्यांना मनापासून वाटतं. अशा मुलीला तुम्ही यमदूत सांगितला की ती खेळताना पडली तरी तिला वाटणार ही शिक्षाच. तेव्हा ती फार हळवी आहे, नाटकं करते असं घरात कोणी म्हणत असेल तर ते म्हणणं आधी थांबवा, तिच्या वयाला तिची भीती अगदी बरोबर आहे.

आता पोथीत काय आहे ते. भागवताच्या पाचव्या स्कंधाच्या शेवटच्या म्हणजे सव्विसाव्या अध्यायात अठ्ठावीस नरक सांगितलेत, त्यात उकळत्या तेलाचा कुंभीपाक आहे तो खोटं बोलणाऱ्यासाठी नाहीच, जिवंत पशुपक्षी शिजवणाऱ्या निर्दयांसाठी आहे. खोट्यासाठी वेगळा आहे पण तो साक्ष देताना, व्यवहारात, दान देताना खोटेपणा करणाऱ्याला. बाकीची यादी बघा, दुसऱ्याची बायको पळवणारा, दुसऱ्याचा पैसा हडपणारा, निरपराध माणसाला शिक्षा देणारा राजा आणि त्याचा अधिकारी, दारी आलेल्या पाहुण्याकडे डोळे वटारून बघणारा. यात "दूध न पिता मोरीत ओतून पिऊन टाकलं म्हणणारी पोर" कुठेही नाही! हे सगळं मोठ्या, हातात सत्ता आणि पैसा असलेल्या माणसांना उद्देशून आहे, तेच गरुडपुराणाचं, ते आपल्याकडे माणूस गेल्यावर पहिल्या दिवसांत वाचतात, दुःखात असलेल्या मोठ्या माणसांपुढे, त्यांनी दानधर्म करावा, पुढचं आयुष्य सांभाळून जगावं म्हणून. तिथे पोरं बसलेली असतात ती कोणी हाकलत नाही म्हणून बसलेली असतात.

आणि खरी गोष्ट तर महाभारतात आहे, आदिपर्वात, मांडव्य ऋषींची. मला वाटतं ही प्रत्येक घरात माहिती पाहिजे. मांडव्य ऋषी मौन धरून तप करत होते, चोर त्यांच्या आश्रमात लपले, राजाच्या शिपायांनी ऋषींनाही चोरांत धरलं आणि सुळावर चढवलं. ते मेले नाहीत, पण सुळाचं टोक अंगात राहून गेलं म्हणून नाव पडलं अणीमांडव्य. मग ते थेट यमधर्माकडे गेले आणि विचारलं की मी असं काय केलं होतं. यम म्हणाला, तुम्ही लहानपणी किड्यांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्या. त्यावर ऋषी चिडले, एवढ्याशा पोराच्या चुकीला एवढी शिक्षा? त्यांनी यमालाच शाप दिला, तोच पुढे विदुर होऊन जन्मला, आणि त्यांनी जगासाठी मर्यादा घालून दिली की चौदाव्या वर्षापर्यंत मुलाने काहीही केलं तरी ते पाप धरायचं नाही. प्रत्यक्ष यमाची चूक दाखवून केलेला नियम आहे हा. (आपल्या कायद्यातसुद्धा सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा धरत नाहीत, आधी भारतीय दंड संहितेत होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २० मध्ये आहे.)

माझ्या वर्गात दुसरीत एक मुलगा होता, मधल्या सुट्टीत पटांगणात यायचाच बंद झाला, वर्गातच डबा खायचा आणि लघवीला जायचं तरी खाली बघत, एकेक पाऊल उचलून टाकत जायचा. खूप दिवस मला वाटलं पायाला काही लागलंय. शेवटी हळूच विचारलं तेव्हा कळलं की त्याच्या पायाखाली मुंग्यांची रांग चिरडली होती आणि त्याच आठवड्यात घरी कोणीतरी मोबाइलवर नरकाचा व्हिडिओ दाखवला होता, मारलेले किडे अंधाऱ्या विहिरीत माणसाला चावून खातात असा, भागवतातला अंधकूपच तो. मी त्याला मांडव्य ऋषींची गोष्ट सांगितली, सगळी, सुळासकट, कारण त्याला आधीच त्याहून भयंकर माहिती होतं. त्याने बोटांवर मोजलं आणि म्हणाला, बाई मला अजून सात वर्षं आहेत. मग थोड्या वेळाने विचारतो, पण मुंगीला लागलं असेल ना?

आता यात सासूबाईंच्या मुद्द्याचं उत्तर आहे. त्यांना वाटतं भीती काढली की मूल मोकाट सुटेल. त्या पोराची भीती होती तोवर त्याच्या डोक्यात फक्त "माझं काय होणार" एवढंच होतं, मुंगीचा विचार करायला जागाच नव्हती. भीती गेली तेव्हा मुंगी दिसली. तो पटांगणात यायला लागला, आणि मुंग्या दिसल्या की वळसा घालून जायचा, आता दुसऱ्या कारणाने. नोकरीच्या एवढ्या वर्षांत मला तरी एकही मूल असं भेटलं नाही की जे भीतीने चांगलं वागायला शिकलं, भीतीने ती लपवायला मात्र पक्की शिकतात. आणि हे लपवणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, उद्या कोणी तिच्याशी वाईट वागलं, नको तिथे हात लावला, तर जी मुलगी स्वतःला आधीच पापी समजते ती तुम्हाला येऊन सांगेल का? तिला वाटणार आपलंच काहीतरी चुकलं. यासाठी तरी हे आत्ताच निस्तरायला हवं.

सासूबाईंशी भांडू नका, निदान मुलीसमोर तर नकोच, आधी तुमच्या मिस्टरांना आईशी बोलू द्या. त्या देवभोळ्या आहेत, वाईट नाहीत, त्यांनाही कोणीतरी असंच सांगून वाढवलं असेल. त्यांना त्यांच्याच श्रद्धेतून सांगा. भागवतात नरकांचं वर्णन संपल्यावर परीक्षित राजा लगेच विचारतो की माणसाने या नरकांत जाऊ नये यासाठी काय करावं, आणि सहाव्या स्कंधात शुकाचार्य त्याला अजामिळाची कथा सांगतात, आयुष्यभर वाईट वागलेला माणूस मरताना नारायण नावाच्या धाकट्या मुलाला हाक मारतो आणि तेवढ्यावर विष्णुदूत येऊन त्याला यमदूतांच्या तावडीतून सोडवतात. म्हणजे नरकाचा अध्याय सांगून पोथी मिटायची नसते, पुढची कथा सांगायचीच असते. त्या हरिपाठ म्हणत असतील तर त्यातही हेच आहे, हरीचं नाव घेतलं की पापांच्या राशी क्षणात जातात. दुसऱ्या जिवांना भिववणाऱ्यांसाठीही त्या अठ्ठावीसांत एक नरक आहे, दंदशूक, पण हे सासूबाईंना टोमणा म्हणून ऐकवू नका प्लीज, काम बिघडेल.

जमलं तर मांडव्यांची गोष्ट आजीनेच सांगू दे नातीला. भीती जिच्या तोंडून आली तिच्याच तोंडून "तुला ते लागू नाही गं बाळा" आलं की जेवढं खोल उतरतं तेवढं आपण शंभरदा सांगून नाही उतरत. थोडी मोठी झाली की नचिकेताची सांगा, छोटा मुलगा यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो आणि यमच त्याची माफी मागून वर देतो. मार्कंडेय पुराणातल्या विपश्चित राजाचीही सांगा, त्याच्या अंगावरून आलेल्या वाऱ्याने नरकातल्या लोकांच्या वेदना थांबतात म्हणून तो स्वर्गात जायला नकार देतो आणि आपलं पुण्य देऊन त्यांना सोडवतो.

मोबाइलवर मात्र कडक राहा. पूर्वी यमपट, म्हणजे नरकाची चित्रं काढलेला पट, घेऊन फिरणारे असायचे, बाणभट्टाने सातव्या शतकात हर्षचरितात बाजारातला असा एक माणूस आणि त्याच्याभोवती जमलेली पोरं वर्णन केलीत, पण तो चित्र गुंडाळून पुढच्या गावी तरी जायचा. हे शॉर्ट्स एक बघितलं की पाठोपाठ तसलीच दहा येतात, रक्त, करवती, किंकाळ्या सगळं खऱ्यासारखं. आजीचा मोबाइल असला तरी ते चॅनल दिसू नये अशी सेटिंग करून द्या.

दिवा राहू द्या चालू, छोटा नाइट लॅम्प लावा, तिने विचारलं "पाप केलं का" की दरवेळी नव्याने समजावत बसू नका, एकच छोटं उत्तर ठेवा, "नाही, मुलांना पाप लागत नाही", आणि कामाला लागा. दोन-तीन आठवड्यांत फरक पडायला हवा. नाहीच पडला, किंवा अंथरूण ओलं व्हायला लागलं, सारखे हात धुणं, सारखी माफी मागणं, शाळेत न जाणं असं दिसलं तर लहान मुलांच्या मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जवळपास कोणी नसेल तर १४४१६ वर टेली मानसला फोन करा, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे ती, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.