नाडीचा कासरा सुटतो तेव्हा

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे, करवीर तालुक्यात शेती. बारा वर्षांपासून शुगर. जानेवारीत तुटलेल्या उसाच्या रानात बुडखा तळपायात घुसला. आबांनी हळद दाबली, कुणाला बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजला, हुडहुडी भरली, असंबद्ध बोलू लागले. कोल्हापुरात नऊ दिवस आयसीयूत होते. मॉनिटरवर ठोके सतत १३० च्या वर, तरी ठोके कमी करायचं औषध दिलं नाही. आता घरी येऊन पाच आठवडे झाले. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे. पण बसल्या जागी ठोके ९६-९८, आणि उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. नेमकं बिघडलंय काय? औषध न देण्यात चूक झाली का?

उत्तर : ताई, आधी तुमच्या मनातली टोचणी काढू. तेव्हा औषध न देणं, यात चूक दिसत नाही.

हृदयाला स्वतःची चाल असते. नसांचा ताबा नसला तरी ते मिनिटाला साधारण १०० ठोके देतं. दुसऱ्याचं हृदय बसवलेल्या रुग्णाचे ठोके निवांत बसूनही ९० च्या पुढे असतात, कारण त्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात. आपले ठोके सत्तर-पंचाहत्तरवर राहतात ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे. मेंदूच्या बुडातून निघून तो गळ्यातून छातीत उतरतो आणि हृदयाचा कासरा धरून ठेवतो. चाबूक ठोके वाढवणाऱ्या सिंपथेटिक नसांच्या हातात. शिवाजी पेठेत माझा दवाखाना होता तेव्हा तालमीतली पोरं यायची. नाडी पन्नास, आणि सोबत आलेली आई घाबरलेली. त्या पोरांचा कासरा पक्का होता, एवढंच. श्वास आत घेताना कासरा किंचित सैल होतो, सोडताना आवळतो. त्यामुळे निरोगी हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलत असतं.

जंतुसंसर्ग रक्तात पसरला की ही पकड सुटते. दाह पेटवणारी रसायनं मेंदूच्या बुडापर्यंत पोचतात, व्हेगसचा जोर ओसरतो, अ‍ॅड्रिनालिनचा मारा थांबत नाही. सतत ओरडणाऱ्या माणसाकडे घरातले लक्ष देईनासे होतात, तसे हृदयाच्या पेशी त्या अ‍ॅड्रिनालिनलाही हळूहळू दाद देत नाहीत. काही जंतूंचं विष तर ठोके सुरू करणाऱ्या पेशींवरच थेट परिणाम करतं. मग ठोके जलद होतात आणि एकसुरीही. हा एकसुरीपणा बोटाला कळत नाही, ईसीजीच्या बारीक मोजणीत दिसतो. पण तो जितका जास्त, तितका आम्हाला रुग्णाचा घोर जास्त.

आता औषध. त्या दिवसांत आबांच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या, आणि बहुधा हृदयाचं आकुंचनही कमजोर. एका ठोक्यात रक्त कमी जात असेल तर जास्त ठोके देऊनच शरीर बीपी सांभाळतं. तो आधार काढला तर बीपी कोसळू शकतं. म्हणून आधी अँटिबायोटिक, सलाईन, बीपी धरून ठेवणारं नॉरअ‍ॅड्रिनालिन आणि जखमेची सफाई. ठोके मुद्दाम उतरवून पाहिलेले प्रयोगही झाले आहेत. २०१३ मध्ये रोममधल्या १५४ रुग्णांच्या चाचणीत एस्मोलॉल या ठोके कमी करणाऱ्या औषधाने आशा दाखवली, पण २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या लँडिओलॉल या तशाच औषधाच्या चाचणीत फायदा दिसला नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराच्या वेळी एका निवारा छावणीत मी तापाचे रुग्ण तपासत होते. एका गड्याचा ताप पॅरासिटामॉलने उतरला, तो चहाही प्यायला. नाडी मात्र १२४ वरच. ताप गेला म्हणून मी त्याला सकाळपर्यंत तिथेच ठेवलं. पहाटे त्याचं बीपी ८० झालं. तो वाचला, पण ती रात्र मला अजून सलते. ताप उतरूनही नाडी उतरली नाही, तर तेवढ्यावरच रुग्णाला मोठ्या दवाखान्यात हलवायला हवं. आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी ठोकेही कमी करणारी गोळी चालू असेल तर ही खूणही झाकली जाते.

आबांची आजची अंधारी त्याच कथेचा उरलेला भाग वाटतो. उभं राहताच पायांतल्या वाहिन्या आवळायचा निरोप नसांनी द्यायचा असतो. तो उशिरा पोचतोय. ही घडी बसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. बारा वर्षांच्या शुगरने त्या नसा आधीच झिजवल्या असतील, त्यामुळे आबांना वेळ जास्त लागू शकतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड मात्र एकदा बघून घ्या, ठोके त्यानेही वाढतात.

उद्या सकाळी आबांना पाच मिनिटं झोपवून बीपी आणि नाडी मोजा, मग उभं करून एका आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. कुणीतरी शेजारी हात धरून उभं राहा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो कागद घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बीपीची किंवा लघवीची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, स्वतःहून बंद करू नका. उठताना आधी खाटेवर बसून पाय हलवू द्या. आणि तळपाय रोज रात्री तुम्ही स्वतः बॅटरी लावून बघा. शुगरमुळे आबांना जखम दुखेलच असं नाही.