पिवळा शर्ट नेमका कुणाचा?

प्रश्न : मी जयसिंगपूरची. माझी भाची तेरा वर्षांची आहे, शाळेच्या संघात गोलकीपर आहे. मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये फुटबॉलचा मोठा सामना पाहायचा म्हणून हटून बसलीय. मी आजवर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमपलीकडं काही पाहिलेलं नाही, तेही एकदाच. आम्ही दोघीच जाणार. जावं का? कुठं बसावं? कुणाचा शर्ट घालावा?

उत्तर : ताई, जाच. शर्टाचं आधी सांगतो, कारण त्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय.

२० मार्च २०२२, आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, फातोर्डा. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. कोरोनामुळं दोन वर्षं रिकाम्या खुर्च्यांपुढं खेळणं चालू होतं, आणि त्या दिवशी प्रेक्षकांना आत सोडणार होते. आपल्या कोल्हापूरचा खेळाडू अनिकेत जाधव हैदराबादकडं होता. मग काय, हैदराबाद आपलं! त्यांचा रंग पिवळा म्हणून महाद्वार रोडवर साधा पिवळा टी-शर्ट घेतला आणि आंबोलीमार्गे निघालो.

मडगावात उतरलो तर सगळा गाव पिवळा. मनात म्हटलं, अनिकेतसाठी एवढी माणसं? आत जाऊन बसल्यावर उजेड पडला. केरळचा रंगही पिवळाच, आणि ती हजारो माणसं केरळची. त्या दिवशी पिवळा शर्ट हैदराबादला मिळाला होता, केरळचा संघ काळ्यात खेळत होता. पण प्रेक्षक कशाला रंग सोडतायत! म्हणजे मैदानावर पिवळं ते माझं आणि गॅलरीत पिवळं ते समोरच्यांचं. शेजारच्या पोरानं काही न विचारता माझ्या गळ्यात मफलर टाकला. मी काढला नाही. धाडस झालं नाही, खरं सांगतो.

६८व्या मिनिटाला राहुल के. पी.नं केरळचा गोल केला तेव्हा तिघांनी मला मिठ्या मारल्या. मीही मारल्या. आणि ८८व्या मिनिटाला साहिल तावोरानं लांबून हाणलेला चेंडू जाळ्यात गेला, तेव्हा मी कधी उठून ओरडलो ते मलाच कळलं नाही. आजूबाजूला सगळे बसलेले, मी एकटा उभा, गळ्यात त्यांचाच मफलर. पोरानं वर पाहिलं. ‘हैदराबाद?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘कोल्हापूर.’ त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं बसायला जागा करून दिली आणि वेफर्सची पिशवी पुढं केली.

आपल्याकडं कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या दोन तालमींच्या सामन्यात असं झालं असतं तर वेफर्स मिळाले असते का, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून पहिल्या खेपेला दोघींनी साधे कपडे घाला. एफसी गोव्याचा सामना असेल तर नारिंगी चालेल, तिथलं तेच आहे. ‘फोर्सा गोवा’ ही तिथली घोषणा भाचीला पाच मिनिटांत पाठ होईल. पाहुण्या संघाच्या गॅलरीचं तिकीट मात्र चुकून काढू नका, गेट नीट वाचा. बायका-पोरींचं म्हणाल तर गोव्यात घरंच्या घरं सामन्याला येतात. आजीबाईसुद्धा रेफरीला कोंकणीत झापताना पाहिल्यात मी.

कुठं बसावं? भाची गोलकीपर म्हणून गोलमागं बसवाल, तर घोटाळा आहे. हे मैदान १९८९चं, तिथं क्रिकेटचे एकदिवसीय सामनेही झालेत. त्यामुळं गोलमागची गॅलरी वाटते त्यापेक्षा लांब पडते. लांबीच्या बाजूला बसा, एका टोकाकडं सरकून आणि जरा उंचावर. बचावफळी पुढं गेली की गोलकीपर किती पुढं येतो, ते तिला तिथून दिसेल. टीव्हीवर ते कधीच दिसत नाही, कॅमेरा चेंडूमागं पळतो.

आणि तासभर आधी आत जा. सरावाला सगळ्यात आधी गोलकीपरच बाहेर येतात. मैदान रिकामं, गॅलरी अर्धी, आणि हातमोज्यांवर चेंडू बसल्याचा धप्प आवाज वरपर्यंत येतो. कुणी बुटाच्या टाचेनं गवतावर खूण करतं, कुणी मागं न बघता हातानं खांब चाचपतं. माझं अर्धं तिकीट तिथंच वसूल होतं. त्या फायनलला लक्ष्मीकांत कट्टीमणी, मूळचा गोव्याचाच, असाच खांब ते खांब फिरत होता. पुढं सामना १-१ असा बरोबरीत राहिला, मग पेनल्टीत त्यानं तीन अडवल्या आणि हैदराबाद ३-१नं जिंकलं. मफलर परत द्यायला गेलो तर पोरगं म्हणालं, ठेवा.

प्रवासाचं : निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असं सहा-सात तास धरा. आपल्याकडं सामन्यांच्या तारखा आयत्या वेळी हलतात, तेव्हा पक्कं कळल्याशिवाय खोलीचे पैसे भरू नका. पण खोली घ्याच. सामना संध्याकाळी उशिरा सुरू होतो, संपल्यावर घाट चढायचं मनातसुद्धा आणू नका. त्याच फायनलला मोटरसायकलवर निघालेली केरळची दोन पोरं कासरगोडजवळ अपघातात गेली. आम्हाला ते आत बसल्यावर कळलं. कदंबचा, म्हणजे गोव्याच्या एसटीचा, बसस्टँड स्टेडियमपासून जवळच आहे, त्या बाजूलाच मुक्काम बघा.

पाण्याची बाटली, पॉवरबँक गेटवर काढून घेतात. माझ्या दोन गेल्या. हातमोजे नेऊ द्या तिला, त्याला कुणी काही म्हणत नाही.

सुटल्यावर भूक लागेल. गाड्यावर रस ऑम्लेट मिळतं, कोंबडीच्या रश्श्यात बुडवलेलं. शाकाहारी असाल तर भाजी-पाव, पण तो सकाळी खावा. रात्रीचा तितका बरा लागत नाही.