एक्झिमा असलेल्या मुलांची उंची कमी राहते का?

विचारलंय की चार वर्षांच्या मुलीला एक्झिमा आहे, वयाच्या मानाने बुटकी दिसते, हे स्टिरॉइडच्या क्रीममुळे असेल का आणि क्रीम बंद करावं का.

स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. मी केलं होतं म्हणून सांगते.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. मुलाच्या कोपरांच्या खोबणीत आणि गुडघ्यांमागे इसब, म्हणजे हाच एक्झिमा. तो तीन वर्षांचा असताना चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे जमले आणि नणंदेने निकाल दिला, अंगात उष्णता आहे, नुस्तं म्हणजे मासे बंद, अंडं बंद, दूध बंद, आणि ती स्टिरॉइडची ट्यूब आधी फेक, त्यानेच पोरं खुंटतात. टेस्ट नाही, काही नाही, आणि मी शहाणी ऐकत बसले. गोव्यात मासेमारीबंदी ६१ दिवसांची असते, आमच्या घरात ती ११ महिने चालली. ताटात बांगडा असला की पोर नुसतं बघायचं, त्याच्यापुढे पेज. इसब गेलं नाहीच, उलट क्रीम नसल्याने रात्र रात्र खाजवायचा, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. शेवटी डॉक्टरांकडे नेलं तर ११ महिन्यांत उंची जेमतेम ३ सेंटिमीटर वाढलेली, या वयात वर्षाला ६-७ तरी हवी, आणि वजन होतं तिथेच. ते म्हणाले, याला झोप नाही आणि पोटात प्रोटीन नाही, वाढणार कसा? वाढीचं हार्मोन गाढ झोपेतच जास्त सुटतं.

मग नुस्तं, अंडं सुरू, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, आणि सांगितलं तेवढेच दिवस क्रीम. पुढच्या वर्षी ८ सेंटिमीटर वाढला.

तुमच्या मुलीचं मला काय माहीत, आईवडीलच बुटके असतील तर तीही असेल. सौम्य इसबाने सहसा उंची अडत नाही. खरी ॲलर्जी टेस्टमध्ये निघाली तर ते पथ्य पाळायलाच हवं, पण त्या बदल्यात काय खायला द्यायचं तेही विचारून घ्या. आणि जोरदार स्टिरॉइड अंगभर महिनोन्महिने लावणं किंवा सारखं पोटात घेणं ही वेगळी गोष्ट, त्याने वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून दुकानातून मनाने ट्यूब आणू नका. दर सहा महिन्यांनी उंची मोजून लिहून ठेवा, नुसतं बघून काही कळत नाही.

यंदा चवथीला नणंदेने त्याला दाराला टेकवून उभा केला आणि म्हणते कशी, बघ, तेव्हा पथ्य केलं म्हणून आता वाढला.