कॅमेरा आणि लायडार (लेसरच्या किरणांनी अंतर मोजणारं यंत्र) असताना रोबोला कृत्रिम मिशा लावण्यात काही अर्थ आहे का? बीईच्या प्रोजेक्टला हा विषय घ्यावा का?

अर्थ आहे. "कॅमेरा असताना मिशा कशाला?" हा प्रश्न मी नोकरीत इतका ऐकलाय की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

सांगलीकडे हळदीच्या एका कारखान्यात यंत्रांखाली शिरून पाहणी करणारा छोटा रोबो आम्ही चालवत होतो. पॉलिशच्या ड्रमपाशी हळदीची धूळ सतत उडते. कॅमेऱ्याच्या काचेवर पिवळा थर बसायचा, पुसला की पुन्हा. लायडारला धुळीचा लोट म्हणजे अडथळा वाटायचा, त्यामुळे समोर मोकळी वाट असूनही गाडी जागीच थांबायची. मी पुढच्या बाजूला मिशा बसवल्या. गवत कापायच्या यंत्रात असते ती नायलॉनची दोरी, बुडाशी सिलिकॉनची लवचीक बैठक, तिच्या तळाला चिमुकला चुंबक आणि त्याखाली हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारी चिप. दोरी कुठेही टेकली की चुंबक कलतो आणि सेन्सर दोन्ही दिशांचा कल सांगतो. गाडी यंत्रांच्या पायांमधून, पट्ट्याच्या खालून नीट निघू लागली. तरीही साहेबांनी ग्राहकाला दाखवायच्या दिवशी मिशा काढायला लावल्या. "खेळणं वाटतं," म्हणाले. त्या दिवशी गाडी पहिल्याच ड्रमखाली थांबली ती शेवटी हाताने ओढून काढावी लागली. यावर साहेबांचं म्हणणं, आणखी भारी कॅमेरा घेऊ!

दिसलं की कळलं, ही समजूतच मला पटत नाही. उंदराच्या मिशीच्या केसात एकही मज्जातंतू नसतो. सगळी जाणीव मुळाशी. मिशी तेवढ्याच कोनात फिरवली तर जवळच्या वस्तूला टेकल्यावर मुळाशी पीळ जास्त बसतो, लांबच्या वस्तूला कमी. तेवढ्यावरून अंतर काढता येतं. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मित्रा हार्टमन यांच्या गटाने 2006 साली याच तत्त्वावर, कृत्रिम मिशा फिरवून एका छोट्या कोरीव चेहऱ्याचा आकार उभा केला. इंग्लंडमध्ये शेफील्ड आणि ब्रिस्टलच्या लोकांनी 'स्क्रॅचबॉट' हा मिशावाला रोबो आणि पुढे चिचुंद्रीवरून 'श्रूबॉट' बनवला. सील तर डोळे झाकलेले असतानाही, पुढे गेलेल्या वस्तूने पाण्यात सोडलेल्या खळबळीचा माग मिशांनी काढतो.

विषय जरूर घ्या. फक्त 'लागलं की थांब' एवढंच करणार असाल तर नको, त्याला साधा लिमिट स्विच, म्हणजे काही टेकलं की दाबला जाणारा खटका, पुरतो. पीळ मोजा, अंतर काढा, जमलं तर आकार काढा.

आणि हो, मिशीची लांबी हीच तिची नजर, त्यामुळे वेगाने पळणाऱ्या गाडीला ती कामाची नाही. मोटर जवळ असली तर तिचं चुंबकीय क्षेत्र सेन्सरच्या वाचनात मिसळतं. गाडीच्या हादऱ्याने मिशी स्वतःच थरथरते आणि काही नसताना 'लागलं' असं सांगते. स्क्रॅचबॉटवाल्यांनाही हे निस्तरावं लागलं, तुम्हालाही लागेल. कॅमेरा काढून टाका असं मी म्हणत नाही, उजेडात तोच बरा.

गाइड सरांनी "कॅमेरा लावून टाका" म्हटलं तर वाद घालू नका. टेबलाखाली अंधार करा, वाटेत मूठभर पीठ उडवा आणि कॅमेऱ्याची आणि मिशांची अशा दोन्ही गाड्या त्यांच्यासमोरच सोडा. मला त्या कारखान्यात ही संधी कुणी दिली नाही.