युरोपातील आश्रय-धोरण: सुधारणेची सुरुवात पहिल्या सुनावणीपासून व्हावी

आपण विचारले आहे की, २०१५ पासून इतकी वर्षे वाद घालूनही युरोपीय देशांना निर्वासितांविषयी समाईक धोरण का ठरवता आले नाही, आणि सीमा बंद करणे किंवा येईल त्याला राहू देणे या दोन टोकांखेरीज तिसरा काही मार्ग आहे का, आणि ज्यांचा अर्ज फेटाळला जातो त्यांचे काय करावे. असा मार्ग आहे आणि त्याचे बरेचसे भाग युरोपातच कुठे ना कुठे वापरून पाहिलेले आहेत, असे माझे मत आहे. मी जर्मनीत राहतो. हिंदी-उर्दू समजणाऱ्या आश्रयार्थींना सरकारी पत्रे समजावून सांगणे आणि सुनावणीच्या तयारीत मदत करणे हे काम मी स्वयंसेवक म्हणून बरीच वर्षे करीत आलो आहे, त्यामुळे पुढील मते त्या कामातूनही घडलेली आहेत, हे आधीच सांगतो.

प्रथम कायद्याची चौकट पाहू. १९५१ चा जिनिव्हा करार आणि १९६७ चा पूरक करार यांनुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे ज्याचा छळ होण्याची साधार भीती आहे, तो निर्वासित ठरतो. त्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला जिथे धोका आहे तिथे त्याला परत पाठवता येत नाही, आणि तो थेट त्या धोक्यातून आला असेल व विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झाला असेल, तर केवळ विनापरवाना प्रवेशाबद्दल त्याला शिक्षाही करता येत नाही. म्हणून ‘सीमा बंद’ हा पर्याय कायद्याने उपलब्धच नाही. उलट, आलेला प्रत्येक जण निर्वासित ठरतो असेही करार म्हणत नाही. कोण निर्वासित आहे हे ठरवणे, ते नीट ठरवणे आणि वाजवी वेळेत ठरवणे, यातच सगळे काम आहे. युरोप गेली कित्येक वर्षे या कामापेक्षा ते काम कोणाच्या गळ्यात पडते याच भांडणात अडकून पडला आहे.

ते भांडण डब्लिन नियमांवरून आहे. १९९० मध्ये डब्लिन येथे झालेल्या कराराने, आणि २००३ व २०१३ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या नियमांनी, अर्ज कोणत्या देशाने तपासायचा याचे निकष ठरवले. त्यात कुटुंबाचा निकष पहिला आहे, परंतु व्यवहारात वजन पडले ते ‘ज्या देशातून प्रथम प्रवेश केला तो देश’ या निकषाचे. नकाशा पाहिला की परिणाम ध्यानात येतो: ग्रीस, इटली, माल्टा यांच्यावर भार, आणि भूमध्य समुद्रापासून दूर असलेल्या श्रीमंत देशांना मोकळीक. सीमेवरच्या देशांना बोटांचे ठसे घेण्यात आणि चांगली व्यवस्था उभारण्यात आपले नुकसानच दिसू लागले, कारण जितकी नोंद चोख तितकी जबाबदारी अधिक. आश्रयार्थींनाही पहिल्या देशात नोंद टाळून पुढे निसटण्यातच शहाणपण वाटू लागले. ज्या नियमात प्रामाणिकपणे वागणाऱ्या देशाचे आणि प्रामाणिकपणे वागणाऱ्या माणसाचे असे दोघांचेही नुकसान होते, तो नियम टिकणे अवघड होते. २१ जानेवारी २०११ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने, बेल्जियमने ग्रीसला परत पाठवलेल्या एका अफगाण आश्रयार्थीच्या खटल्यात, ग्रीसला तेथील कोठडी व राहणीच्या अवस्थेबद्दल आणि बेल्जियमला ती अवस्था ठाऊक असूनही त्याला तिथे पाठवल्याबद्दल दोषी ठरवले. त्यानंतर अनेक वर्षे ग्रीसला होणारी पाठवणी जवळपास थांबली, म्हणजे २०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रमार्गे येण्याच्या आधीच ही व्यवस्था मोडकळीला आलेली होती.

त्या वर्षी युरोपीय संघाने इटली आणि ग्रीसमधून १,६०,००० आश्रयार्थी इतर देशांत हलवण्याचे ठरवले. प्रत्यक्षात सुमारे पस्तीस हजारच हलवले गेले. पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक यांनी आपले कर्तव्य पाळले नाही, असा निकाल संघाच्या न्यायालयाने २ एप्रिल २०२० रोजी दिला खरा, परंतु तोपर्यंत त्या योजनेची मुदत केव्हाच संपली होती. वाटपाचे सूत्र संकट येण्याआधी ठरलेले असावे लागते, हा यातून घेण्यासारखा बोध आहे. जर्मनीच्या अंतर्गत व्यवस्थेत ते तसे आहे: कोणत्या राज्याने किती आश्रयार्थी घ्यायचे हे करउत्पन्नाला दोन-तृतीयांश आणि लोकसंख्येला एक-तृतीयांश वजन देऊन ठरते, त्याला ‘क्योनिगस्टाइन सूत्र’ म्हणतात. राज्ये पैशांवरून केंद्राशी खूप भांडतात, पण सूत्रावरून दरवेळी नव्याने भांडण होत नाही.

तरीही वाटप हा अर्धाच भाग आहे, आणि मला त्याहून महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे पहिला निर्णय. अफगाणिस्तानातून आलेल्या दोन माणसांची कहाणी सारखी असली, तरी बल्गेरियात अर्ज केलेल्याला संरक्षण मिळण्याची शक्यता अनेक वर्षे नगण्य होती आणि इटलीत अर्ज केलेल्याला ती पुष्कळ अधिक होती. कायदा एक, निकाल इतके भिन्न, अशा स्थितीत माणसे एका देशातून दुसऱ्या देशात जात राहणारच, आणि मग त्यालाच ‘दुय्यम स्थलांतर’ म्हणून दोष दिला जातो. जर्मनीनेही याची किंमत मोजली आहे. २०१६ मध्ये आश्रयाच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या येथील संघीय कार्यालयाने घाईने भरती केलेल्या आणि थोडेच प्रशिक्षण मिळालेल्या कर्मचाऱ्यांच्या बळावर सुमारे सात लाख निर्णय दिले, आणि २०१७ च्या अखेरीस प्रशासकीय न्यायालयांत आश्रयाचे साडेतीन लाखांहून अधिक खटले प्रलंबित होते. कार्यालयात वाचवलेला वेळ न्यायालयात दामदुपटीने गेला.

सुनावणी कशी बिघडते हे बाहेरून कळत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पाकिस्तानात वाढलेले, उर्दू समजणारे अनेक अफगाण माझ्याकडे पत्रे घेऊन येतात. त्यांच्या तारखा अफगाणिस्तानात रुळलेल्या सौर हिजरी पंचांगातल्या असतात. दुभाष्याने बसल्या जागी त्या बदलताना एका वर्षाची चूक केली, की पहिल्या नोंदीतली आणि मुख्य सुनावणीतली तारीख जुळत नाही, आणि निर्णयपत्रात ‘कथन विसंगत’ असे येते. लैंगिक अत्याचार सोसलेली स्त्री पुरुष दुभाष्यापुढे ते बोलत नाही आणि पुढे अपिलात बोलली तर ‘आधी का सांगितले नाही’ असे विचारले जाते. कोणता पुरावा महत्त्वाचा आहे हे माणसाला ठाऊकच नसते. प्रवास किती खडतर होता हे तो तासभर सांगतो, आणि धमकीचे जे पत्र घरी राहिले आहे त्याचा उल्लेखही करत नाही. हे सगळे दोष पहिल्याच दिवशी एखादा जाणता वकील शेजारी बसला तर टळू शकतात.

स्वित्झर्लंडने नेमके हेच केले आहे. तो देश युरोपीय संघात नाही, पण डब्लिन व्यवस्थेत आहे. २०१४ पासून झुरिकमध्ये चाचणी घेऊन, २०१६ च्या जूनमध्ये सार्वमतात सुमारे दोन-तृतीयांश मते मिळवून, १ मार्च २०१९ पासून तेथे नवी पद्धत लागू झाली. अधिकारी, दुभाषे, सल्लागार आणि वकील हे सारे संघीय केंद्रांच्या परिसरात असतात, प्रत्येक आश्रयार्थीला आरंभापासून मोफत कायदेशीर प्रतिनिधी मिळतो, तो सुनावणीला बसतो, आणि नकाराचा मसुदा निघाला की अंतिम होण्याआधी त्यावर आपले म्हणणे मांडतो. सरळ प्रकरणे १४० दिवसांत संपावीत आणि अधिक तपास लागणारी वेगळी काढावीत, अशी रचना आहे. ‘फुकटचे वकील’ म्हणून स्थलांतराला विरोध करणाऱ्या स्विस पीपल्स पार्टी या उजव्या पक्षाने याला कडाडून विरोध केला होता. मात्र चाचणीच्या काळात निर्णय लवकर लागले आणि अपिलांचे प्रमाण घटले. या पद्धतीत उणिवाही आहेत: जलद प्रक्रियेत अपिलाला कामकाजाचे सातच दिवस मिळतात, आणि मनावर आघात झालेल्या माणसाला ही गती सोसत नाही. तरी वेग आणि न्याय एकमेकांचे वैरी नाहीत, हे युरोपात कुठे सर्वांत स्पष्ट दिसले असेल तर ते इथे.

या कसोटीवर युरोपीय संघाचा नवा स्थलांतर व आश्रय करार तपासावा. १४ मे २०२४ रोजी तो मंजूर झाला आणि अंमलबजावणीसाठी १२ जून २०२६ ही तारीख ठरली. कायम स्वरूपाचे सहकार्य त्यात प्रथमच आले: प्रत्येक देशाने माणसे घ्यावीत, पैसे द्यावेत किंवा मनुष्यबळ व साधने पुरवावीत. संदर्भासाठी वर्षाला किमान ३०,००० जागा आणि न घेतलेल्या माणसामागे २०,००० युरो असे आकडे आहेत. हे पाऊल पुढचे आहे, परंतु प्रथम प्रवेशाचा निकष गेलेला नाही, उलट प्रवेशानंतर त्या देशाची जबाबदारी टिकण्याची मुदत बारा महिन्यांवरून वीस महिन्यांवर गेली आहे. ज्या देशांच्या नागरिकांना संरक्षण मिळण्याचे प्रमाण वीस टक्के किंवा त्याहून कमी आहे, त्यांचे अर्ज सीमेवरच बारा आठवड्यांत निकाली काढायचे आहेत. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. पहिल्या टप्प्यात मोफत मिळते ते केवळ कायदेशीर मार्गदर्शन. पूर्ण प्रतिनिधित्व अपिलाच्या वेळी मिळते. स्वित्झर्लंडचा वेग घेतला आणि वकील मात्र मागे ठेवला, असे झाले आहे.

सीमेवर माणसांचे हक्क पाळले जातात की नाही यावर देखरेखीसाठी स्वतंत्र यंत्रणा नेमण्याची तरतूद करारात आहे आणि ती अत्यावश्यक आहे. ग्रीस-तुर्कस्तान सीमेवरील एव्हरोस नदीवरून लोकांना तुर्कस्तानात परस्पर ढकलण्याची पद्धतशीर प्रथा ग्रीसमध्ये होती, असे मानवाधिकार न्यायालयाने ७ जानेवारी २०२५ च्या निकालात नोंदवले. अशा यंत्रणेला पूर्वसूचना न देता कुठेही जाता आले आणि तिचा खर्च सीमा-पोलिसांच्या हाती राहिला नाही, तरच तिचा उपयोग.

पैसे देऊन शेजारी देशांत लोकांना थोपवण्याच्या व्यवहारांविषयी फार लिहीत नाही. त्याने काही काळ आकडे उतरतात, पण पैसे घेणाऱ्या सरकारच्या हाती दबावाचे साधन जाते आणि माणसे अधिक घातक वाटांनी येतात.

‘पण युरोपची क्षमताच संपली आहे’ या आक्षेपाला उत्तर युक्रेनच्या अनुभवात आहे. २००१ पासून कागदावर पडून असलेला युरोपीय संघाचा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश ४ मार्च २०२२ रोजी प्रथमच वापरला गेला. चाळीस लाखांहून अधिक लोकांना वैयक्तिक सुनावणीशिवाय निवास, काम, शाळा आणि उपचार यांचे हक्क मिळाले, आणि देश निवडण्याची मुभाही. वाटपावरून २०१५ सारखे रण माजले नाही, कारण लोक आपल्या नातलगांकडे आणि कामाच्या ठिकाणी आपणहून विखुरले. ज्या पोलंडने आधी वाटा नाकारला होता, त्यानेच सुमारे दहा लाख लोकांना आसरा दिला, तर बेलारूसच्या सीमेवर त्याच देशाने मार्च २०२५ मध्ये आश्रयाचा अर्ज करण्याचा हक्कच स्थगित केला. आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा विरोधाभास अधिक खुपतो. युक्रेनची पद्धत सर्वांना जशीच्या तशी लागू करता येणार नाही, पण लवकर कामाचा परवाना आणि नातलग असलेल्या देशाला प्राधान्य, या दोन गोष्टी नक्कीच घेता येतील.

शेवटी ज्यांचा अर्ज फेटाळला जातो त्यांच्याविषयी, कारण आपण तेही विचारले आहे. ज्यांना संरक्षणाची गरज नाही त्यांनी परतावे, हे मला मान्य आहे. मात्र परतण्याचा निर्णय माणूस कधी स्वीकारतो, हे मी जवळून पाहिले आहे. दोन-तीन वर्षे वाट पाहून, भाषा शिकून, मुले शाळेत रुळल्यावर न समजणाऱ्या भाषेतले पत्र हाती पडले, तर तो लढतो किंवा नाहीसा होतो. पाच महिन्यांत, आपले सगळे म्हणणे नोंदले गेले आहे याची खात्री असताना, आपल्याच वकिलाने ‘या निकालात चूक नाही, अपिलात काही हाती लागणार नाही, परतीच्या प्रवासाला मदत आणि थोडे भांडवल मिळते ते घ्या’ असे सांगितले, तर तो ऐकण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. आपण राहता त्या देशात आश्रय-धोरणावर चर्चा होईल तेव्हा कुंपणाच्या खर्चासोबत सुनावणीच्या खोलीत वकील व दुभाषी यांवर किती खर्च होतो, तेवढे लोकप्रतिनिधींना अवश्य विचारा.